लायब्ररीतून मुलगी दर वेळी तेच तेच पुस्तक आणते, आणू द्यावं का?

शब्दवेल

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे पण मनापासून विचारतेय. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. आम्ही तिला सार्वजनिक लायब्ररीचं मेंबर केलंय, तिचं स्वतःचं कार्ड आहे आणि ती ते फार जपते. दर आठवड्याला आम्ही जातो, मुलांच्या विभागात ती जमिनीवर फतकल मारून बसते आणि मग तिला उठवणं अवघड. इथपर्यंत सगळं छान. पण घरी येताना हातात काय, तर गुप्तहेर मुलांची ती एकच सिरीज, तिचे सगळे भाग वाचून झालेत तरी परत पहिल्यापासून, नाहीतर मग कॉमिक्स. बाजूच्याच कपाटात इतकी सुंदर पुस्तकं आहेत, मी तिच्या वयाची असताना ज्यांच्यापायी जेवायला पण उठायचे नाही ती सुद्धा आहेत, मी हळूच काढून तिच्या हातात देते, ती दोन पानं चाळते आणि परत जागेवर ठेवून देते.

घरातली मोठी माणसं म्हणतात की दोनातलं एक तरी पुस्तक चांगलं घ्यायला लाव, हा वेळ फुकट जातोय. मला तिने परीक्षेसाठी वाचावं असं काही नाहीये. मोठेपणी सुद्धा तिच्या उशाशी पुस्तक असावं एवढंच वाटतं. तर निवड पूर्णपणे तिच्यावर सोडावी का? आणि तुम्ही जे आज वाचता, त्याची सुरुवात कशी झाली तेही सांगा, मला ते ऐकायचंय.

पानोपानी

सोडा. पूर्णपणे सोडा.

मी सुद्धा एकच पुस्तक परत परत आणणारी मुलगी होते. समुद्रावर भरकटलेल्या मुलांची गोष्ट होती, शेवट पाठ होता, तरी वादळाचं प्रकरण आलं की छातीत धडधडायचंच. लोकांना वाटतं परत वाचणं म्हणजे काही नवीन न करणं, पण मला आठवतंय त्याप्रमाणे प्रत्येक वेळी मी वेगळंच काहीतरी वाचत असायचे. पहिल्यांदा फक्त पुढे काय होतं ते, मग कधीतरी लक्षात आलं की तो घाबरट वाटणारा मुलगा खरं तर सगळ्यात जास्त विचार करतोय, मग कधीतरी वर्णनं आवडायला लागली जी आधी सरळ गाळायचे. पुस्तक कसं बांधलेलं असतं हे मला कोणी शिकवलं नाही, त्या एका पुस्तकाच्या पारायणातून कळलं. आज मी जे काही जाडजूड वाचू शकते ते त्या पायावर उभं आहे असं मी अगदी खात्रीने सांगेन.

आणि ताई, तुमच्या लहानपणीचं पुस्तक तिला आवडलं नाही तर वाईट वाटतं हे मला कळतं, पण ते पुस्तक तुम्हाला तरी कोणी हातात दिलं होतं का? माझं तरी मला स्वतःला सापडलं होतं, आणि सापडलं म्हणूनच ते माझं झालं.

देवघेव_काउंटर

मी बरीच वर्षं सार्वजनिक ग्रंथालयात बालविभाग सांभाळलाय, आता निवृत्त आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मुलीसारखी मुलं मी रोज बघायचो. काउंटरवर बसलेल्या माणसाला वाचकाबद्दल जे कळतं ते पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठीवरून. ज्या पुस्तकाची चिठ्ठी शिक्क्यांनी भरून दोनदा बदलावी लागते, ज्याचा कणा सुटून परत बाइंडिंगला पाठवावा लागतो, ते फारच क्वचित मोठ्यांनी नावाजलेलं पुस्तक असतं. ती सिरीज असते, भुतांच्या गोष्टी असतात, विनोद असतात, डायनासोर असतात. आणि हीच पुस्तकं फाडणारी मुलं पुढे मोठ्यांच्या विभागात जाताना मी पाहिलीयेत.

मोठ्यांना चांगलं वाटतं आणि मुलांना हवं असतं यातलं अंतर किती असू शकतं याचं एक उदाहरण देतो. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत 1906 पासून बालविभागाच्या प्रमुख होत्या ॲन कॅरोल मूर. फार मोठी बाई. ज्या काळात कित्येक ग्रंथालयं बारा-चौदा वर्षांखालच्या मुलांना आतच घेत नव्हती, त्या काळात त्यांनी मुलांसाठी वेगळ्या खोल्या, मुलांच्या उंचीची टेबलखुर्ची, गोष्टी सांगण्याचा तास हे सगळं उभं केलं, आणि रजिस्टरमधे स्वतःचं नाव लिहून पुस्तकं नीट वापरीन असं वचन दिलं की मूल पुस्तक घरी नेऊ शकायचं. मुलावर एवढा विश्वास टाकणारी ही बाई, पण पुस्तक कोणतं चांगलं याबाबत तिची मतं एकदम पक्की, आणि निवृत्तीनंतर सुद्धा त्या लायब्ररीवर तिचा वचक होता. 1947 मधे आलेलं 'गुडनाइट मून' हे चित्रपुस्तक तिथे पसंत पडलं नाही आणि ते त्या लायब्ररीच्या कपाटात यायला 1972 साल उजाडलं. घराघरात मुलं ते फाटेपर्यंत ऐकत होती तेव्हा! पुढे 2020 मधे लायब्ररीला 125 वर्षं झाली म्हणून त्यांनी सगळ्यात जास्त वेळा घरी नेलेल्या पुस्तकांची यादी काढली, त्यात पहिलं आलं बर्फात खेळणाऱ्या एका छोट्या मुलाचं चित्रपुस्तक, 4,85,583 वेळा. आणि त्यांनी स्वतःच लिहिलं की 'गुडनाइट मून' इतकी वर्षं बाहेर राहिलं नसतं तर ते यादीत असतं. इतक्या जाणत्या ग्रंथपाल बाईंचा अंदाज जर असा चुकू शकतो तर आपण घरच्यांनी एका मुलीसाठी चांगलं-वाईट ठरवताना थोडं थांबायला हवं, नाही का.

दुसरी गोष्ट, आज ती कपाटापाशी बसून चाळते ना, हे सुद्धा आपोआप मिळालेलं नाही. पूर्वी कपाटं बंद असायची, वाचकाने यादीत नंबर शोधून चिठ्ठी द्यायची आणि आतला माणूस पुस्तक आणून देणार. ब्रिटनमधल्या ग्रंथालयांत तर इंडिकेटर म्हणून मोठा फळा असायचा, पुस्तक आहे की बाहेर गेलंय ते रंगावरून कळायचं, पुस्तकाचं तोंड दिसायचं नाही. 1894 मधे लंडनच्या क्लार्कनवेल लायब्ररीत जेम्स डफ ब्राऊन यांनी वाचकांना थेट कपाटांपर्यंत सोडलं तेव्हा त्यांच्याच व्यवसायातल्या लोकांनी केवढा गदारोळ केला होता. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन 1924 मधे इंग्लंडला शिकायला गेले तेव्हा तिथली ग्रंथालयं त्यांनी डोळसपणे पाहिली, आणि 1931 मधे त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले त्यातला दुसरा आणि तिसरा कुठल्याही पालकाने वाचावा असा आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. 'त्याचं' म्हटलंय त्यांनी. आईला आवडलेलं नाही, शाळेने सांगितलेलं नाही.

समांतर_रेषा

वरचं सगळं पटलं तरी मला थोडं वेगळं म्हणायचंय. पूर्ण सोडा म्हणजे काय? मुलाला जे माहितीये त्यातूनच ते निवडणार. नऊ वर्षांच्या मुलीला ती सिरीज माहितीये कारण तिच्या वर्गातल्या सगळ्या ती वाचतात, बाकीच्या कपाटात काय दडलंय हे तिला कळणार कसं? त्यामुळे मोठ्यांनी काहीच करायचं नाही हे मला मान्य नाही.

फक्त हातात पुस्तक देणं हा उपाय नाही, त्याने मुलं अडून बसतात. आमच्याकडे चाललेली गोष्ट सांगतो. मुलगा स्वतःला हवी ती पुस्तकं आणतो, त्यावर आम्ही एक शब्द बोलत नाही. त्याशिवाय मी माझ्या कार्डावर एक पुस्तक आणतो आणि रात्री मोठ्याने वाचतो. त्याने ऐकलंच पाहिजे असं नाही, तो चित्र काढत बसला तरी चालतं. जे त्याला स्वतः वाचायला जड जाईल असं मुद्दाम निवडतो कारण ऐकताना मुलांना स्वतःच्या वाचनापेक्षा वरचं झेपतं. आणि कळीची जागा आली की थांबतो. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक माझ्या टेबलावर नसतं, त्याच्या पांघरुणात सापडतं. मोठी मुलं स्वतः वाचायला लागली की आईबाप वाचून दाखवणं बंद करतात, ते कशासाठी हे मला आजवर कळलेलं नाही.

बोलकी_पानं

समांतर_रेषा +१, मोठ्याने वाचणं कधीच थांबवू नका.

आणि एक, उशीर झाला म्हणून दंड भरावा लागला तर मुलीसमोर त्यावरून चिडू नका. माझ्या ओळखीत एका घरात पुस्तक हरवलं, आरडाओरडा झाला आणि त्या मुलाने लायब्ररीत पाऊल टाकणंच सोडलं. 2019 मधे शिकागोच्या आणि 2021 मधे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक लायब्ररीने उशिराचा दंडच बंद करून टाकला, कारण ज्या घरात पैशांची ओढाताण असते तिथली मुलंच दंडाच्या भीतीने यायची थांबतात. मला हा निर्णय फार मोठा वाटतो.

शब्दवेल

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! पानोपानी, तुमचा तो प्रश्न डोक्यात घुमतोय, मला माझं पुस्तक खरंच कोणी दिलं नव्हतं, खालच्या फळीवर मागे सरकून पडलेलं मिळालं होतं.

मोठ्याने वाचणं आजपासून परत सुरू करते. पण अजून दोन शंका. एक म्हणजे कॉमिक्स, त्यात वाक्यंच इतकी कमी असतात की भाषा कशी वाढणार असं घरचे म्हणतात आणि मला उत्तर देता येत नाही. दुसरं, ही बारा-तेरा वर्षांची झाली की बालविभाग तिला लहान वाटणार, मोठ्यांचा विभाग अंगावर येणार, तेव्हा काय करतात? माझ्या बऱ्याच मैत्रिणींचं वाचन नेमकं तिथेच सुटलं.

पानोपानी

कॉमिक्सबद्दल मी सांगते, कारण माझा अभ्यासाचा विषय भाषाच आहे. हेस आणि आरेन्स या संशोधकांचं 1988 मधलं एक इंग्रजी भाषेवरचं काम आहे, त्यांनी हजार शब्दांमागे किती शब्द कमी वापरातले असतात ते मोजलं. पदवीधर मोठी माणसं आपसात बोलतात त्यात असे शब्द 17 च्या आसपास, मुलांच्या पुस्तकांत 31 च्या आसपास आणि कॉमिक्समधे 53 च्या वर! म्हणजे आपण घरात दिवसभर जे बोलतो त्यापेक्षा कितीतरी जास्त अनोळखी शब्द तिला त्या चौकटींमधून मिळताहेत, आणि शेजारी चित्र असल्यामुळे अर्थही लागतो. आकडे इंग्रजीचे आहेत, पण छापील मजकूर बोलण्यापेक्षा शब्दांनी श्रीमंत असतो हे आपल्याही भाषेत कोणतंही पुस्तक उघडून बघा, दिसेल.

आणखी एक, ब्रिटनमधे 1970 साली एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे. त्यात दहा ते सोळा वयात आवडीने वाचणाऱ्या मुलांची शब्दसंपत्तीतच नाही तर गणितातही जास्त प्रगती झालेली दिसली, आईवडिलांचं शिक्षण वगैरे धरून सुद्धा. आवडीने वाचणाऱ्या, हे महत्त्वाचं. घरच्यांना हे जरूर सांगा.

देवघेव_काउंटर

तुमची दुसरी शंका अगदी बरोबर जागेवर आहे, मुलं सुटतात ती त्याच वयात. माझा अनुभव असा की त्या वयातल्या मुलाला कपाट दाखवून भागत नाही, तिथे ओळखीचं माणूस लागतं. आत्तापासूनच तिला काउंटरवर स्वतः बोलू द्या. पुस्तक परत करताना तिनेच द्यायचं, नवीन हवं असेल तर तिनेच विचारायचं, तुम्ही चार पावलं मागे थांबा. ग्रंथपाल चांगला असेल तर तो आवडलं का असं विचारणार नाही, त्यावर मुलं नुसती मान हलवतात, तो विचारेल की यातला कोण आवडला किंवा कुठे राग आला. त्या उत्तरावरून पुढचं पुस्तक काढता येतं. गुप्तहेरांच्या गोष्टी आवडणाऱ्या मुलीला मी शोधांच्या गोष्टी द्यायचो, प्राचीन लिपी कशी वाचली, रोगाची साथ कुठून आली ते कसं शोधलं, कारण तिला हवा असतो तो माग काढण्याचा आनंद. तिथून मोठ्यांच्या विभागातल्या ललितेतर पुस्तकांपर्यंत अंतर फार राहत नाही.

आणि एक व्यवसायातली गोष्ट सांगून ठेवतो. नुकतीच परत आलेली पुस्तकं कपाटात लावायच्या आधी ट्रॉलीवर ठेवलेली असतात, मुलं कपाटापेक्षा त्या ट्रॉलीवर तुटून पडतात कारण कोणीतरी ते आत्ताच वाचलंय हे दिसत असतं. तिला ट्रॉली चाळायची परवानगी आहे का ते तिथे विचारा, बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत.

शब्दवेल

ट्रॉलीचं कधी सुचलंच नसतं! शनिवारी जाणार आहोत, विचारते. म्हणजे, तिलाच विचारायला लावते. आणि लिपी वाचण्याची गोष्ट म्हणालात तसं काही मुलांच्या भाषेतलं मिळालं तर ते कोणाच्या कार्डावर आणू, माझ्या की तिच्या?

देवघेव_काउंटर

तुमच्या. रात्री वाचायला. पुढे तिला हवं झालं तर ती स्वतःच्या कार्डावर घेईलच, आणि नाही घेतलं तर परत करून दुसरं आणा.