विषय: साताऱ्यात दारूच्या केसमध्ये सापडलो, पुढं काय?

मंडळी, नमस्कार.

नाव लिहीत नाही, या ईमेल लिस्टवर सासुरवाडीची माणसं आहेत. ज्यांना ओळखू येईल त्यांनी मनातच ठेवा.

सुट्टीला साताऱ्यात आलोय. परवा कास रोडला एका मित्राच्या शेतावर शाळेतली गँग जमली होती. चार वर्षांनी भेट, तीन पेग झाले. यवतेश्वर घाट उतरून आलो तर समर्थ मंदिराजवळ नाकाबंदी. गाडी बाबांची, लायसन्स माझं जुनं साताऱ्याचंच. हवालदारानं नळी तोंडापुढं धरली आणि म्हणाला, "फुंका सायेब, मी बास म्हणस्तवर थांबायचं नाय." मशीनमधून एसटीच्या तिकिटासारखी चिठ्ठी निघाली, तीवर 64. मी म्हटलं, आमच्याकडं अमेरिकेत 80 पर्यंत चालतं. तो म्हणाला, "तुमच्याकडं चालत आसंल. हितं तीसला बास."

मग सिव्हिलला नेऊन रक्त काढलं, तिथून ठाण्यात. मित्र जामीन राहिला, अडीचला घरी आलो. लायसन्स ठेवून घेतलंय, गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे. बाबांना सांगितलंय की पंक्चर काढायला टाकलीय.

सोळा दिवसांनी परतीचं विमान. एच-1बीवर, म्हणजे अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर आहे. मामा म्हणतात आमदारांच्या माणसाशी बोलतो, मिटवून टाकू. काय करू?

– सुट्टीवरचा

---

उत्तर:

मामांचं ऐक. मोठा बाऊ करू नकोस. आमच्या वेळेला असल्या गोष्टी चहापाण्यात संपायच्या.

– भाऊ, बोस्टन

---

उत्तर:

बाळ,

मी सध्या मुलाकडून परत येऊन सदर बझारात राहतोय, लिस्ट मात्र सोडलेली नाही. भाऊंची वेळ कधीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी बाबांना सांग. गाडी त्यांच्या नावावर आहे, सोडवायला त्यांचीच सही लागणार. पंक्चर किती दिवस चालवशील?

आता मामांचं. यात मिटवण्यासारखं काही उरलेलं नाही. मशीनमध्ये नोंद, सिव्हिलच्या रजिस्टरात नोंद, ठाण्याच्या डायरीत नोंद. तीन ठिकाणची शाई पुसणार कोण? मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीनं दोघांचा जीव घेतला, तेव्हा रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली. आता शहाणा माणूस यात हात घालत नाही, आणि जो घालतो म्हणेल तो पैसे घेईल, केस तिथंच राहील. मी तीस वर्षं कोर्टाच्या कचेरीत काढली. 'मिटलं' म्हणून घरी गेलेल्यांची वॉरंटं मीच लिहिलीत.

हेल्मेटचा, सिग्नलचा दंड जागेवर भरून सुटता येतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 185 त्यातलं नाही, त्याला कोर्टातच जावं लागतं. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. 2019 च्या दुरुस्तीआधी दंड 2,000 पर्यंत होता, तेव्हा लोक हसत भरायचे. दुसऱ्यांदा सापडलास तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 किंवा दोन्ही. तुझ्यासारख्या पहिल्या केसला, अपघात नसताना, बहुतेक दंडावर भागतं. पण ते मॅजिस्ट्रेटच्या हातात आहे, कुणाच्या फोनवर नाही.

कधी अडवलं, कधी अटक म्हणाले, रक्त किती वाजता काढलं, हे आजच कागदावर लिही. चार दिवसांनी आठवणार नाही. अटकेपासून दोन तासांच्या आत डॉक्टरांची तपासणी व्हायला लागते, नाहीतर सोडून द्यावं लागतं. कलम 202 आहे. तपासणी वेळेत झाली असेल तर त्या मुद्द्यावर भांडायला जागा नाही. फुंकलास ते बरं केलंस. विनाकारण नकार दिला असतास तर तोही तुझ्याविरुद्धच धरला असता. आणि गुन्हा जामीनपात्र आहे म्हणून तू रात्री सुटलास. त्यात उपकार मित्राचा, दुसऱ्या कुणाचा नाही.

त्या चिठ्ठीचा आजच फोटो काढ. असल्या कागदावरची अक्षरं पुसट होत जातात, मी कोऱ्या झालेल्या चिठ्ठ्या फायलीत पाहिल्यात. लायसन्स घेतल्याची पावती माग, नसेल दिली तर आजच जाऊन माग. ते आरटीओकडे जाणार, तिथून नोटीस येणार, तुझं म्हणणं ऐकून मग निलंबन. तोवर कुठल्याच गाडीच्या स्टेअरिंगला हात लावायचा नाही. ठाण्यात हजेरीला स्वतः स्कूटर चालवत आलेला एक बहाद्दर माझ्या पाहण्यात आहे.

दारूबंदी कायद्याचं कलम लावलंय का तेही बघ. 1949 चा कायदा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे, प्यायला परवाना लागतो. बारवाला एक दिवसाचा फाडतो तरी. शेतावर कोण फाडणार?

गाडीसाठी आरसी, विमा, पीयूसी घेऊन बाबांनी लायसन्सवाला माणूस बरोबर न्यायचा. ठाण्यात नाहीच दिली तर मुद्देमाल परत मिळावा म्हणून वकील कोर्टात अर्ज करतो. वकील रोज त्या कोर्टात उभा राहणारा, फौजदारीवाला बघ. तुझा तो पुण्याचा वर्गमित्र कंपन्यांचे करार करतो, तो नको.

सगळ्यात महत्त्वाचं, केसची तड न लावता विमानात बसू नकोस. निदान वकीलपत्र आणि हजेरी माफीचा अर्ज तरी देऊन जा. नाहीतर समन्स घरी येईल, तू नाहीस म्हणून परत जाईल, मग जामीनपात्र वॉरंट, मग अजामीनपात्र. शिवाय फौजदारी खटला पडून असला की पासपोर्टचं नूतनीकरण अडतं. 1993 च्या अधिसूचनेप्रमाणे कोर्टाची परवानगी आणावी लागते. सिग्नलच्या दंडावरून नाही अडत, यावरून अडतं.

– अण्णा, सदर बझार

---

उत्तर:

अण्णांनी तिकडचं सांगितलं, मी इकडचं सांगते. माझ्या धाकट्या दिराचं हे सगळं झालंय, फक्त त्याला पकडलं ते न्यू जर्सीत.

व्हिसाच्या फॉर्मवर, डीएस-160 वर, 'कधी अटक झाली होती का' असं विचारतात. नुसती शिक्षा झाली का, एवढाच प्रश्न नाही. अटक जगात कुठेही झालेली असो, तुझं उत्तर आता 'हो'. गेल्या पाच वर्षांत दारूवरून एक जरी अटक असली तरी व्हिसा देण्याआधी त्यांच्या ठरलेल्या डॉक्टरकडे पाठवतात. व्यसन आहे का आणि त्यातून कुणाला धोका आहे का, ते तो बघतो. दिराचा त्यात महिना गेला, ऑफिस खोळंबलं. अमेरिकेत असताना अटक झाली तर हातातला व्हिसाही रद्द करतात, 2015 पासून तसं चालू आहे. दिराचा तसाच गेला होता.

म्हणून कोर्टात 'गुन्हा कबूल' म्हणण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक तास दे. पैसे जातील, जाऊ देत. आणि निकालाची सही-शिक्क्याची नक्कल घेतल्याशिवाय सातारा सोडू नकोस, नुसत्या दंडाच्या पावतीवर भागत नाही.

– वहिनी, एडिसन

---

उत्तर:

साताऱ्याच्या केसचं कॉन्सुलेटला कळणार कसं, वहिनी?

– भाऊ, बोस्टन

---

उत्तर:

भाऊजी, फॉर्मवर 'नाही' लिहिलं आणि पुढं उघडं पडलं, की प्रश्न दारूचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो. त्याला आयुष्यभराची प्रवेशबंदी आहे. दारूच्या एका साध्या केसला ती नाही. लिस्टवर असले सल्ले लिहू नका, पोरं खरं मानतात.

– वहिनी

---

उत्तर:

मंडळी,

उशिरा लिहितोय, माफ करा.

बाबांना त्याच दिवशी सांगितलं. काही बोलले नाहीत. कपाटातून आरसी काढली, चष्मा पुसून विम्याची तारीख बघितली आणि म्हणाले, "मागच्या सीटवर कंदी पेढ्यांचा बॉक्स होता ना?" होता. तीन दिवस उन्हात. ठाण्याच्या आवारात गाडीचं दार उघडलं तर सीटपासून गिअरपर्यंत मुंग्यांची रांग. गाडी चुलतभावानं चालवत आणली, मी मागं बसून फडक्यानं मुंग्या झटकत होतो.

वेळा लिहून काढल्या. अटक 11.10, रक्त 12.35. अण्णा म्हणाले तसंच, भांडायला जागा नव्हती. वकिलांनीही तेच सांगितलं. इमिग्रेशनवालीशी बोलणं झालं, ती म्हणाली कबूल करायला हरकत नाही, कागद नीट ठेव.

अकराव्या दिवशी केस बोर्डावर आली. मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, गुन्हा मान्य आहे का, कुणाचा दबाव नाही ना. मान्य, म्हटलं. 10,000 दंड आणि कोर्ट उठेपर्यंत शिक्षा. ही शिक्षा ऐकायला काहीच वाटत नाही. पण सव्वाअकरापासून संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसायचं, फोन बंद, आणि दर अर्ध्या तासानं गावातलं कुणीतरी ओळखीचं आत डोकावतं. आमच्या शाळेतले एक सर जमिनीच्या तारखेला आले होते. "अरे, तू कधी आलास?" म्हणाले.

शेजारी उसाचा ट्रॅक्टर चालवणारा एकजण होता, त्याच कलमाखाली, त्यालाही तेवढाच दंड. त्याच्याकडं तेवढे पैसे नव्हते. त्याचा भाऊ बाहेर व्हरांड्यात मुकादमाला फोन लावत होता, पुढची उचल आत्ताच द्या म्हणून. चारपर्यंत जमले.

मामा अजून म्हणतात, घाई केलीस.

आरटीओची नोटीस आलीय, सुनावणी मी गेल्यावर आहे. वकील लेखी म्हणणं देणार. माझं विमान शनिवारी. निकालाच्या नकलेचा अर्ज केलाय, पण ती पुढच्या आठवड्यात मिळेल. बाबा आणून ठेवतील. कुरिअरनं मूळ कागद पाठवायची भीती वाटते. या महिन्याअखेर साताऱ्याहून किंवा कराडहून न्यू जर्सीकडं कुणी येणार असेल तर कळवा, एक पाकीट आणायचं आहे. पेढेही देतील बाबा, नाही म्हणू नका.

– सुट्टीवरचा