मदत हवी आहे : इटलीची विमा-मक्तेदारी (१९१२) आणि परदेशी कंपन्यांची भरपाई

एप्रिल १९१२ च्या कायद्याने इटलीने आयुर्विमा सरकारी मक्तेदारीत घेतला. जुन्या कंपन्यांना अटींवर १० वर्षांची मुदत दिली, भरपाई मात्र नाही. (त्रिएस्तची जनराली ही विमा कंपनी तेव्हा ऑस्ट्रियन, म्हणजे परदेशीच!) माझा प्रबंध याच वादावर आहे.

ऑस्कर चिन खटल्याचा (ब्रिटन विरुद्ध बेल्जियम) स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा १९३४ चा निकाल वाचला. ग्राहकवर्ग हा संपादित (म्हणजे कायद्याने संरक्षित, आधीच मिळालेला) हक्क नव्हे, असं न्यायालय म्हणतं. पण तो २२ वर्षांनंतरचा. मला न्यायालयाआधीचा, वकिलातींमधला पत्रव्यवहार हवा आहे. इटालियन येत नाही. इंग्रजी, फ्रेंच चालेल. परदेशी जाणं शक्य नाही.

परदेशी सरकारांनी भरपाई दोन देशांमधल्या कराराच्या कलमावर मागितली की बुडालेल्या भावी धंद्यावर, हे कोणत्या छापील दस्तऐवजसंग्रहात सापडेल?