मदत हवी आहे : मृत्युपत्रात गरिबांसाठी काम करणाऱ्या संस्थेला वाटा कसा ठेवावा?

वाटसरू

मावशीच्या मृत्युपत्राबद्दल नेमका सल्ला हवा आहे. वय ७३, साताऱ्यात राहते, काका हयात नाहीत, मूलबाळ नाही. मालमत्ता अशी: सोसायटीतली सदनिका (तिच्या एकटीच्या नावावर), राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवी, थोडे म्युच्युअल फंड, काकांकडून आलेली ४० गुंठे जिरायत जमीन आणि दागिने.

भूमिहीन शेतमजूर बायकांचे बचतगट चालवणाऱ्या, सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या एका संस्थेला मोठा वाटा आणि उरलेले भाच्याला, अशी तिची इच्छा आहे. भाचा म्हणजे माझा मोठा भाऊ. त्याची याला मनापासून संमती आहे. सगळ्या ठेवींवर आणि फंडांवर वारसनोंद, म्हणजे नॉमिनेशन, त्याचेच आहे.

सदनिका थेट संस्थेच्या नावे लिहावी का? रक्कम लिहावी की टक्के? जमीनही संस्थेला देता येईल का? आणि भाऊ नॉमिनी असल्याने घोळ होईल का?

दस्तऐवज

आधी एक गोष्ट, म्हणजे हे काम पुढे ढकलले जाणार नाही. मृत्युपत्र न करता त्या गेल्या तर संस्थेला काही मिळणार नाहीच, भाच्यालाही बहुधा मिळणार नाही. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५ प्रमाणे निपुत्रिक विधवेची स्वतः कमावलेली मालमत्ता आधी तिच्या नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरच्यांकडे नंतर. तेव्हा निदान साधे, दोन पानांचे मृत्युपत्र लगेच करून घ्या. सुधारणा मागाहून करता येतात.

आता सदनिका. ती थेट संस्थेच्या नावे लिहू नका. देता येते, कायद्याची आडकाठी नाही. पण साताऱ्यातली एक सदनिका संस्थेला वापरायची नसते, तिला पैसा हवा असतो. आणि सार्वजनिक न्यासाला स्थावर मालमत्ता विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्याआधी मालमत्ता न्यासाच्या नोंदीत आणायला ९० दिवसांत बदल अर्ज (सगळे याला चेंज रिपोर्टच म्हणतात). मग मूल्यांकन, निविदा, सुनावणी. तोवर सोसायटीची देखभाल आणि घरपट्टी संस्थेच्या खिशातून जाते.

त्याऐवजी एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राचा व्यवस्थापक नेमा आणि विक्रीचा अधिकार त्याला द्या. कलमाची भाषा साधारण अशी ठेवा:

"माझी सर्व देणी, अंत्यविधीचा व या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचा खर्च भागवल्यावर वर वर्णन केलेली सदनिका माझ्या व्यवस्थापकांनी त्या वेळच्या बाजारभावाने विकावी. विक्रीखर्च, सोसायटीची थकबाकी व कर वजा जाता उरलेल्या रकमेपैकी अमुक टक्के रक्कम खाली वर्णन केलेल्या संस्थेस द्यावी."

यात एक तोटा आहे, तो मावशींना सांगून ठेवा. व्यवस्थापकाने विकल्यास भांडवली नफ्यावरचा कर आधी जातो आणि संस्थेला कर जाऊन उरलेले मिळते. तरीही वर्षानुवर्षे अडकलेल्या सदनिकेपेक्षा हातात आलेली रक्कम संस्थेच्या जास्त कामाची, असे माझे स्पष्ट मत आहे.

'विकावी' हा शब्द मात्र हवाच. नुसते 'व्यवस्था लावावी' लिहिले तर विकत घेणाऱ्याचा वकील आणि त्याला कर्ज देणारी बँक अडून बसतात.

नोंदवही

रक्कम की टक्के, हे वाटपाचा क्रम कळला की आपोआप ठरते. आधी अंत्यविधीचा खर्च आणि देणी, मग नेमक्या वस्तूंची दाने, मग ठोक रकमांची दाने, आणि या सगळ्यातून उरलेले 'उर्वरित मालमत्ता' ज्याच्या नावे असेल त्याला.

समजा संस्थेला १५ लाख आणि उरलेले भाच्याला असे लिहिले. शेवटच्या आजारपणात २० लाख खर्च झाले तर संस्थेचे १५ लाख आधी निघतील आणि झळ एकट्या भाच्याला बसेल. उलट लिहिले तर संस्थेला बसेल. ठोक रकमा पुऱ्या पडल्या नाहीत तर त्या प्रमाणात कमी होतात. दुसरीकडे, मावशी अजून वीस वर्षे जगल्या तर आजचे १५ लाख तेव्हा किती उरतील? म्हणून दोघांनाही टक्के लावा. वाढ झाली तर दोघांची, घट झाली तर दोघांची.

सर्वांत जास्त दाने बुडतात ती ठेवीच्या पावतीच्या नंबरामुळे. 'अमुक बँकेतील पावती क्रमांक अमुक संस्थेस' असे लिहितात. ती ठेव मुदत संपल्यावर नव्या नंबराने फिरते, किंवा मोडून दुसऱ्या बँकेत जाते. वस्तू मृत्यूच्या वेळी मालकीची नसेल तर ते दानच रद्द होते (भारतीय वारसा अधिनियम, १९२५, कलम १५२). मग 'ही तीच ठेव आहे' हे सिद्ध करत बसावे लागते. तेव्हा नंबर लिहूच नका. 'माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या नावे कोणत्याही बँकेत वा वित्तसंस्थेत असलेल्या सर्व ठेवी, बचत खात्यातील रकमा व म्युच्युअल फंड युनिट' एवढे पुरे. खात्यांची यादी वेगळ्या कागदावर करून व्यवस्थापकाजवळ द्या. ती दरवर्षी बदलली तरी मृत्युपत्राला हात लावावा लागत नाही.

नॉमिनीबद्दल : नॉमिनी मालक होत नाही. बँक किंवा फंड त्याच्याकडे पैसे देऊन मोकळे होतात, पण तो ते वारसांसाठी सांभाळतो. शेअर आणि फंडांबाबत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी खटल्यात हे पुन्हा स्पष्ट केले. बँक ठेवीला नॉमिनी व्यक्तीच लागते, तिथे संस्थेचे नाव घालता येत नाही. तेव्हा जो व्यवस्थापक तोच नॉमिनी हा सरळ मार्ग. भाऊच व्यवस्थापक होणार असेल तर आहे ते नॉमिनेशन राहू द्या, फक्त 'नॉमिनी म्हणून मिळालेल्या रकमाही या मृत्युपत्राप्रमाणेच वाटाव्यात' हे वाक्य घाला. भाऊ मावशीआधी गेला तर काय, याचाही विचार करा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चार नॉमिनी ठेवता येतात, एकापाठोपाठ एक असेही. दुसरे नाव पर्यायी व्यवस्थापकाचे घाला.

बांधावरून

जमिनीचे उत्तर : संस्थेला लिहू नका.

साताऱ्याला १९४८ चा कूळकायदा लागू आहे. त्याचे कलम ६३ शेतजमीन बिगरशेतकऱ्याकडे जाऊ देत नाही, आणि न्यास शेतकरी नसतो. 'मृत्युपत्र म्हणजे हस्तांतर नव्हे' असा युक्तिवाद पूर्वी चालायचा. २०२० मध्ये विनोदचंद्र कापडिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. निकाल गुजरातच्या जमिनीचा असला तरी तिथला कायदा मूळचा हाच, मुंबई राज्याचा. संस्थेच्या नावे फेरफार टाकायला गेलात तर मंडळ अधिकाऱ्याकडेच नोंद अडकेल.

भाऊ शेतकरी असेल (त्याच्या नावे कुठेतरी सातबारा असेल) तर जमीन त्याला द्या आणि तेवढ्या किमतीचा संस्थेचा टक्का ठेवींत वाढवा. तो शेतकरी नसेल तर व्यवस्थापकाने शेतकऱ्यालाच विकून पैसे वाटावेत असे लिहा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ तेही पाहा. वर्ग २ असेल तर विक्रीलाही परवानगी लागेल. सातबाऱ्यावर काकांच्या नावाच्या जागी मावशीचे नाव चढले आहे ना? पुष्कळ ठिकाणी तीच नोंद करायची राहून गेलेली असते.

मंजिरी_का

संस्थेच्या वर्णनाबद्दल कुणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. 'गरिबांसाठी खर्च करावे' किंवा 'धर्मादाय द्यावे' असे मोघम लिहू नका. १८९९ मध्ये मुंबईच्याच एका खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (इंग्रजी अमदानीतले लंडनमधले सर्वोच्च अपील न्यायालय) 'धरम'साठी ठेवलेले दान अनिश्चित म्हणून रद्द ठरवले होते. गरिबांना मदत हा धर्मादाय उद्देश कायद्याला मान्य आहे, त्यामुळे 'गरिबांसाठी' हे शब्द कदाचित टिकतील, पण कोणत्या संस्थेने, कसे, हे ठरवायला कोर्टाची पायरी चढावी लागेल.

संस्थेला पत्र लिहून तिच्या लेटरहेडवर पुढील गोष्टी मागवा : नोंदणीपत्रातले पूर्ण नाव (फलकावरचे नव्हे), न्यास नोंदणी क्रमांक जिल्ह्यासह, पॅन, नोंदणीकृत पत्ता. हे चारही मृत्युपत्रात घाला. क्रमांक 'ई' किंवा 'एफ'ने सुरू होईल. 'एफ' म्हणजे १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली संस्था. एकाच नावाच्या दोन संस्था, किंवा एका संस्थेचा न्यास वेगळा आणि कंपनी वेगळी, हे सर्रास आढळते. मग दोघेही हक्क सांगतात.

धर्मादाय कार्यालयातून न्यासाचा पीटीआर उतारा, म्हणजे सार्वजनिक न्यासांच्या नोंदवहीतला उतारा, काढा. विश्वस्तांच्या बदलांचे अर्ज वादात पडून आहेत का ते पाहा. दोन गट भांडत असतील तर बँक खाते गोठते आणि व्यवस्थापकाला धनादेश कुणाच्या हाती द्यावा कळत नाही. सलग तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवालही वाचा.

पुढे ही तीन वाक्ये घाला :
१. संस्थेचे नाव बदलले किंवा ती दुसरीत विलीन झाली तर दान त्या उत्तराधिकारी संस्थेस.
२. ती बंद झाली असेल तर अमुक दुसऱ्या संस्थेस (हिचाही पूर्ण तपशील).
३. संस्थेच्या अधिकृत पदाधिकाऱ्याची पावती व्यवस्थापकास पुरेशी.

उद्देश फार आवळू नका. 'फक्त अमुक गावातल्या बचतगटांना बिनव्याजी कर्ज' असे लिहिले आणि दहा वर्षांनी ते काम उरलेच नाही, तर रक्कम दुसऱ्या कामाला वळवायला पुन्हा न्यायालयीन आदेश लागतो. 'प्राधान्याने भूमिहीन स्त्रियांच्या उपजीविकेसाठी, ते शक्य नसल्यास संस्थेच्या उद्देशांतील इतर कामासाठी' असे लिहा. मुद्दल राखून व्याजच वापरावे अशी इच्छा असेल तर 'कायम निधीत जमा करावे' हे स्पष्ट लिहावे लागते. मावशींनी हा आग्रह धरू नये असे मला वाटते. दुष्काळाच्या वर्षी संस्थेला मुद्दलच लागते.

सासष्टीकर

आमच्या गोव्यात हे असेच चालते का?

दस्तऐवज

नाही. तुमच्याकडे २०१२ चा वेगळा वारसा कायदा आहे. मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी अर्धा वाटा राखीव असतो, मृत्युपत्राने उरलेला अर्धाच देता येतो. विवाहित असाल आणि मालमत्ता सामाईक असेल तर त्यातली निम्मी मुळात जोडीदाराची. म्हणजे एकूण मालमत्तेच्या चौथ्या हिश्शापर्यंतच संस्थेला ठेवता येईल. मृत्युपत्रही विशेष नोटरीपुढेच करावे लागते, घरी दोन साक्षीदार घेऊन भागत नाही. आणि गोव्यातील वा बाहेरील मुस्लिम वाचकांपैकी ज्यांना मुस्लिम व्यक्तिगत कायदा लागू आहे, त्यांनी एक-तृतीयांशाची मर्यादा लक्षात ठेवावी. त्याहून जास्त द्यायचे तर वारसांची संमती लागते.

लेस्टरकर

माझा ब्रिटिश पासपोर्ट, सोबत ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळते ते). पुण्यातल्या संस्थेला काही ठेवायचे असेल तर?

नोंदवही

परदेशी नागरिकाकडून आलेला पैसा परकीय देणगी धरला जातो. संस्थेकडे चालू एफसीआरए (परकीय देणगी नियमन कायद्याखालची) नोंदणी हवी, आणि रक्कम तिच्या स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठराविक खात्यातच जायला हवी. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासींना हे लागू नाही. नोंदणीचे नूतनीकरण नाकारले जाऊ शकते, म्हणून पर्यायी संस्था लिहाच.

ब्रिटनमधल्या मालमत्तेसाठी : निव्वळ मालमत्तेचा किमान १० टक्के भाग धर्मादाय संस्थेला ठेवला तर उरलेल्यावरचा वारसाकर ४० ऐवजी ३६ टक्के लागतो, पण ती संस्था ब्रिटनमधलीच हवी. दोन देशांत दोन मृत्युपत्रे करत असाल तर 'याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द' हे छापील वाक्य दुसऱ्यात तसेच ठेवू नका, पहिले मृत्युपत्र त्यानेच मरते. 'फक्त या देशातील मालमत्तेपुरती' असे लिहा.

वाटसरू

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाच्या नावे सातबारा आहे, त्यामुळे जमीन त्याला आणि ठेवींतला टक्का संस्थेला जास्त, असे ठरवतोय. आणखी दोन शंका. संस्थेचे कार्यकर्ते घरी येऊन मसुदा करून द्यायला आणि साक्षीदार व्हायला तयार आहेत, ते चालेल का? आणि नोंदणी करावी का?

दस्तऐवज

कार्यकर्त्यांना प्रेमाने नाही म्हणा. ज्याला लाभ होणार त्यानेच मृत्युपत्र करण्यात पुढाकार घेतला, तर ती संशयास्पद परिस्थिती ठरते आणि संशय दूर करण्याचे ओझे त्याच्यावरच येते, हे १९५९ पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आले आहे. काकांकडचा कुणी नातेवाईक आव्हान द्यायला उभा राहिला तर पहिले बोट तिथेच ठेवेल. संस्थेने फक्त तपशिलाचे पत्र द्यावे. भावालाही साक्षीदार करू नका.

साक्षीदार दोन, मावशींपेक्षा वयाने बरेच लहान आणि गावात टिकून राहणारे. मृत्युपत्र सिद्ध करायला पुढे किमान एकाला कोर्टात बोलावे लागते. एक नेहमीचे डॉक्टर असतील तर उत्तम. त्याच तारखेचा 'मानसिकदृष्ट्या सक्षम' असा दाखलाही त्यांच्याकडून जोडा. कायद्याने दोघे एकाच वेळी हजर असण्याची सक्ती नाही, तरी एकत्रच बसवा. मावशींनी प्रत्येक पानावर सही करावी, खाडाखोड झाली तर पान नव्याने छापावे.

नोंदणी सक्तीची नाही, पण या प्रकरणात जरूर करा. मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी फी १०० रुपये आणि पानांचा हाताळणी खर्च. मावशी हयात असेपर्यंत नक्कल त्यांच्याशिवाय कुणाला मिळत नाही. नंतरचे बिननोंदणीचे मृत्युपत्रही नोंदवलेल्याला मागे टाकते, तेव्हा पुढे बदल झाला तर तोही नोंदवा.

मंजिरी_का

दागिने राहिले. 'सोन्याचे दागिने' एवढे लिहू नका. भाचीला, भाचेसुनेला द्यायचे असतील ते वजन आणि वर्णनासह लिहा, बाकीचे 'उर्वरित मालमत्ते'त जाऊ द्या. लॉकरचा नॉमिनीही तपासा, तो ठेवींपासून वेगळा असतो.

देणगीवर आयकरात मिळणारी वजावट (जिला ८०जीची वजावट म्हणतात) मृत्युपत्रातल्या दानाला मिळत नाही. मावशींना करात सूट हवी असेल तर काही रक्कम त्यांनी हयातीतच धनादेशाने द्यावी.

नोंदवही

मूळ प्रत लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर उघडायला बँक कागद मागते आणि कागद लॉकरमध्ये असतो. मूळ प्रत व्यवस्थापकाकडे, छायाप्रत पर्यायी व्यवस्थापकाकडे ठेवा. संस्थेला पूर्ण प्रत द्यायची गरज नाही. मृत्युपत्र केले आहे, व्यवस्थापक अमुक, एवढे एका ओळीत कळवा. आणि भावाला हे माहीत असू द्या : दान चुकते करायला कायदा व्यवस्थापकाला मृत्यूपासून एक वर्ष देतो. संस्थेकडून विचारणा झाली तरी देणी आणि कर भागवण्याआधी घाईने पैसे वाटायचे नाहीत, नाहीतर तूट त्याच्या अंगावर येईल.