पार्किंगमध्ये मरणावरच्या पाट्या लावल्यात, ठेवू की काढू?

सेक्रेटरीबाई (वडगाव बुद्रुक)

नमस्कार. आमची ४२ फ्लॅटची सोसायटी, यंदा सेक्रेटरीपद माझ्याकडे. नवले पूल इथून दुचाकीवर पाच मिनिटं. कात्रजच्या नव्या बोगद्यापासूनचा तो उतार, डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक, मग न लागणारे ब्रेक, हे पुणेकरांना सांगायला नको. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एकाच अपघातात कित्येक गाड्यांचा चुराडा झाला, तेव्हा आम्ही सगळे गच्चीवर उभे होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवरून ते बघणाऱ्या आमच्याच मुलांची हेल्मेटं पुन्हा आरशाला लटकलेली. कारण एकच, "फाट्यापर्यंतच तर जायचंय."

"अति घाई संकटात नेई" आमच्या गेटवर कित्येक वर्षं रंगवलेलं आहे, कुणी वाचत नाही. म्हणून जानेवारीत मी स्वतः पुठ्ठ्यावर तीन पाट्या लिहून पार्किंगमध्ये लावल्या:

"हेल्मेट आरशाला घातले आहे. आरसा सुखरूप परत येईल."

"वैकुंठात पार्किंगची अडचण नाही. तरी घाई करू नये."

"केस विस्कटतात म्हणून हेल्मेट नको? शेवटी चार जण नीट विंचरून पाठवतील."

लोक थांबून वाचायला लागले. हसले, फोटो काढले, ग्रुपवर टाकले. बी विंगमधली दोन मुलं तेव्हापासून खरंच हेल्मेट घालून जाताना मी पाहिली आहेत.

चौथ्या दिवशी सकाळी पावणेआठला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी दूध घेऊन आल्या. त्यांचे यजमान दोन वर्षांपूर्वी धायरी फाट्यावरून भाजी घेऊन येताना गेले. हेल्मेट घरी कपाटावर होतं. वहिनी तिसऱ्या पाटीसमोर उभ्या राहिल्या. लिफ्ट खाली आली, दार उघडलं, बंद झालं. मग दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि जिन्याने वर गेल्या. मला एक शब्द बोलल्या नाहीत.

ती पाटी मी तेव्हाच काढली. चिकटपट्टीबरोबर भिंतीचा रंगही निघाला. उरलेल्या दोन अजून आहेत. कमिटीत काही म्हणतात सगळ्या काढा, काही म्हणतात एक पोरगं वाचलं तरी पुष्कळ. मला दोन्ही पटतं आणि रात्री झोप लागत नाही. कुणी असं काही केलं असेल तर सांगा.

निवृत्त वॉर्डन

ताई, मी स्वतः चौकात यमराज होऊन उभा राहिलो आहे. डिंकाने चिकटवलेल्या मिशा, थर्माकोलची गदा, सगळं. सिग्नल लाल झाला की पोरं मला बोलवायची, "यमकाका, या ना, एक सेल्फी." हसायची. हिरवा झाला की बोडक्या डोक्यानेच निघायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, काय गर्दी जमली! तिसऱ्या दिवशी मनातून खचलो.

मग आमच्या साहेबांनी एक बदल केला. सेल्फी हवा तर आधी हेल्मेट डोक्यावर आणि पट्टा लावलेला. डिकीतून, हुकावरून, कुठून कुठून हेल्मेटं निघाली! म्हणजे ती जवळच होती. विनोद माणसाला दहा सेकंद थांबवतो, त्या दहा सेकंदांत त्याच्या हाताला काही काम द्यायला हवं. तुम्ही पाटीच्या खाली हेल्मेटसाठी खुंट्या ठोका. गाडी काढताना आपोआप हात जाईल.

आणि मागे बसणाऱ्यांना विसरू नका. केंद्राच्या २०२२च्या अहवालात हेल्मेट न घातलेल्या मृतांचा आकडा ५०,०२९ आहे, त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. आपल्याकडे आई मागे आणि पोर चालवतंय, दोघांत एक हेल्मेट, हे रोजचं चित्र. खुंट्या दर गाडीला दोन ठोका.

रात्रपाळी

मी अपघात विभागात नर्स आहे, चौदा वर्षं. मरणावर विनोद आम्हीही करतो, नाहीतर पहाटे चार वाजता उभं राहता येत नाही. पण तो ड्यूटी रूमच्या आत. दाराबाहेर नातेवाईक बसलेले असतात आणि तेच शब्द त्यांच्या कानावर पडले तर सुरी होते. तुमचं पार्किंग म्हणजे आत आणि बाहेर एकच जागा आहे, म्हणून वहिनींच्या बाबतीत ते घडलं.

दुसरं असं की मरणाचं पोरांनी आधीच मनाशी ठरवून टाकलेलं असतं. "मेलो तर सुटलो." जगलो तर काय, हे कुणी धरतच नाही. आमच्याकडे बावीस वर्षांचा मुलगा होता. शुद्धीवर आला, आईला ओळखलं, आम्ही सगळे खूश. मग आईने चमचा दाखवला, त्याने "पेन" म्हटलं. ती माऊली रोज जेवणाच्या आधी तोच चमचा उचलायची आणि विचारायची, "हे काय रे बाळा?" ओठ घट्ट मिटून उत्तराची वाट बघायची. मी ते अजून विसरू शकलेले नाही.

हेल्मेटवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला आहे. त्यात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होतो, डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी. म्हणजे हेल्मेटचा मोठा फायदा जगणाऱ्यांना आहे, त्यावर लिहा.

पट्ट्याचंही लिहा, मोठ्या अक्षरात. पेशंटच्या आधी हेल्मेट उडतं, कारण पट्टा लावलेलाच नसतो. आणि अपघात दिसला तर पडलेल्याचं हेल्मेट ओढून काढू नका, मान हलते. १०८ला फोन करा.

धाकटी बहीण

माझा दादा गेला त्याला सहा वर्षं झाली. हेल्मेटवरून आई ओरडली की तो म्हणायचा, "हेल्मेट घातलं तर यम मला ओळखणार कसा?" आम्ही सगळे हसायचो, मीसुद्धा. हसलं की विषय संपायचा. त्याला तेच हवं होतं हे मला आता कळतं.

म्हणून सांगते, मरणाचा विनोद ऐकून माणूस घाबरेलच असं नाही, कित्येकदा त्याला सुटायला वाट मिळते. तुमची वैकुंठाची पाटी दादाने स्वतःच लिहिली असती आणि गाडीवर चिकटवली असती. पण आरशाची पाटी वाचून तो गप्प झाला असता, कारण त्याचं हेल्मेट खरंच आरशाला असायचं. ती त्याच्या सबबीला हसते. केसांची पाटी मात्र गेलेल्या माणसाच्या अंगाला हात लावते. हा फरक मला फार मोठा वाटतो.

आणि ताई, वहिनींच्या वतीने आपणच ठरवू नका. वर जा, त्यांच्याशी बोला. आमच्याकडे लोक दादाचं नावसुद्धा टाळायचे, त्याचा जास्त त्रास झाला.

सेक्रेटरीबाई (वडगाव बुद्रुक)

काल संध्याकाळी गेले होते. चहा ठेवताना वहिनी स्वतःच म्हणाल्या, "पाट्यांचं मला काही नाही. ते विंचरण्याचं वाचलं आणि पाय हलेना. यांचे केस मीच विंचरले होते." मी माफी मागितली. त्यांनी माझा हात धरला, आम्ही बराच वेळ तशाच बसलो.

निघताना म्हणाल्या, आरशाची पाटी ठेवा, चांगली आहे, यांनाही लागू होती. वैकुंठाची काढा. तिच्या जागी पट्ट्याबद्दल एक ओळ लिहून त्यांनीच दिली, तीच लावली आहे: "पट्टा लावल्याचा टक् आवाज घरी ऐकू येईपर्यंत कुणीतरी दारात उभे असते."

आज दुपारी खुंट्या ठोकल्या, गाडीमागे दोन. वॉचमनमामा सांगत होते, ए विंगच्या तीन गाड्यांची हेल्मेटं अजून आरशालाच आहेत. जेवणं झाली की त्या घरांकडे जाऊन येते.