मंगळागौरीसाठी आखूड नखांवर घरच्या घरी कोणती नक्षी काढता येईल?

केतकीपान

नमस्कार. या श्रावणात माझ्या धाकट्या जावेची पहिली मंगळागौर आमच्या घरी आहे. आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, उपासामुळे स्वयंपाकाचा व्याप कमी असतो. म्हणून त्या दुपारी घरातल्या चौघी मुली आणि आम्ही दोघी जावा अशा सहा जणींनी नखांवर छोटी नक्षी काढायची, असे ठरले आहे. मुलींना ती स्वतःच्या हातांनी काढायची हौस आहे, त्यामुळे पार्लरचा विचार आम्ही केलेला नाही. नखे आखूडच ठेवावी लागतील, कारण रात्री जागरणात फुगड्या होतील आणि लांब नखांनी समोरच्या बाईच्या मनगटावर ओरखडे उठतात, हे मागच्याच वर्षी एका मंगळागौरीत पाहिले आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही एकदा सराव करून पाहिला आणि तो साफ फसला. गुलाबी नेलपॉलिशचे दोन जाड हात दिले आणि त्यावर बाटलीतल्याच ब्रशने पांढरी फुले काढायला गेलो, तर फुलांऐवजी पांढरे गोळे झाले. रात्री झोपेपर्यंत रंग वाळला आहे असे वाटत होते, पण सकाळी उठून पाहिले तर चादरीची वीण जशीच्या तशी नखांवर उमटलेली होती. आखूड नखांवर उठून दिसेल अशी नक्षी कोणती, घरातल्या कोणत्या वस्तूंनी ती काढता येते, मेंदी आधी काढावी की नंतर, आणि मंगळवारी सकाळी पुरण शिजवून, वाटूनही ती टिकेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. सर्वांत धाकटी पुतणी सात वर्षांची आहे, हेही लक्षात घ्यावे.

सुईदोरा

ताई, मी बारा वर्षे पार्लरमध्ये काम केले आहे. तुमचे बिघडले ते नक्षीत नाही, तिच्या खालच्या थरात बिघडले, असे मला वाटते.

नेलपॉलिश म्हणजे मुख्यतः नायट्रोसेल्युलोज, राळ आणि रंग यांचे इथाइल अॅसिटेट व ब्युटाइल अॅसिटेट यांसारख्या द्रावकांत केलेले मिश्रण असते, आणि ते वाळते म्हणजे त्यातले द्रावक उडून जाते. जाड हात दिला की वरचा पापुद्रा आधी घट्ट होतो आणि खालचे द्रावक आतच अडकून राहते. नख बोटाला कोरडे लागते, पण तो थर तासन् तास मऊच असतो. चादरीची वीण उमटली ती यामुळे. म्हणून बाटलीच्या तोंडावर ब्रश नीट निथळून अगदी पातळ हात द्यावा, इतका पातळ की पहिल्या हातानंतर खालचे नख थोडे दिसले पाहिजे. चार-पाच मिनिटे थांबून दुसरा हात द्यावा. नक्षी त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी, आणि वरचा पारदर्शक टॉप कोट नक्षीचे ठिपके पूर्ण सुकल्यावर द्यावा, नाहीतर ब्रशबरोबर ठिपके ओढले जातात. सगळे झाल्यावर थंड पाण्यात बोटे बुडवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्याने वरचा पापुद्रा घट्ट लागतो, पण आतले द्रावक त्यामुळे लवकर उडून जात नाही.

बाटली खालीवर हलवू नये, कारण त्याने हवेचे बुडबुडे शिरतात आणि तेच पुढे नखावर पुटकुळ्यांसारखे दिसतात. लाटीला गोल आकार देतो तशी बाटली दोन तळव्यांत फिरवावी. पंखा मोठा करून त्याखाली बसू नये. बाटली घट्ट झाली म्हणून तिच्यात रिमूव्हर ओतू नये, त्याने रंग फाटतो.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते, कारण पार्लरमधली सवय याच्या उलट असते. नेलपॉलिश लावण्यापूर्वी हात कोमट पाण्यात भिजवू नयेत. नख पाणी शोषून किंचित फुगते आणि वाळताना पुन्हा आकसते, मग वर बसलेला रंग कडेपासून सुटू लागतो. कोरडी नखे कानशीने एकाच दिशेने घासून घ्यावीत, नखाच्या मुळाशी असलेली कातडी कापू नये, कारण जंतू आत शिरू नयेत म्हणूनच ती तिथे असते. मग कापसाने थोडा रिमूव्हर फिरवून नखांवरचा तेलकटपणा काढून टाकावा. रंगाचा आणि टॉप कोटचा प्रत्येक हात देताना ब्रश नखाच्या पुढच्या टोकावरून, म्हणजे अगदी जाडीवरूनही, एकदा हलकेच फिरवावा. मला विचाराल तर पुरण वाटूनही रंग टिकवायचा असेल तर हा एक फटकारा कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा जास्त कामाचा आहे.

गेरूमाती

मी शाळेत चित्रकला शिकवते, त्यामुळे माझे उत्तर नक्षीपुरतेच आहे. आखूड नखावर रेषा काढू नये, ठिपके द्यावेत. रेषेला जागा लागते आणि सराव लागतो. ठिपका हात थोडा कापला तरी गोलच पडतो, आणि आपण लहानपणापासून ठिपक्यांच्याच रांगोळीवर वाढलेलो आहोत.

गोल डोक्याची टाचणी घ्यावी आणि तिचे टोक पेन्सिलीच्या मागच्या खोडरबरात खोचावे, म्हणजे धरायला मूठ मिळते. जुन्या स्टीलच्या ताटलीत किंवा प्लास्टिकच्या झाकणावर नेलपॉलिशचा एक थेंब घ्यावा, टाचणीचे डोके त्यात बुडवावे आणि नखाला सरळ उभे टेकवून उचलावे. एकदा बुडवून न थांबता पाच वेळा टेकवले की पहिला ठिपका मोहरीएवढा आणि पाचवा खसखशीएवढा येतो, आणि हा उतरता क्रम स्वतःच एक नक्षी होतो. नखाच्या एका कोपऱ्यातून मोठ्याकडून लहानाकडे असे ठिपके सोडले तर माळ सुटल्यासारखी दिसते. मोठे ठिपके हवे असतील तर केसांच्या काळ्या पिनेचे गोल टोक वापरावे. ताटलीतला थेंब दोन-तीन मिनिटांत चिकट होतो आणि त्याच्या तारा सुटू लागतात. तार दिसली की तो पुसून नवा थेंब घ्यावा.

मंगळागौरीसाठी मला सर्वांत शोभणारे वाटते ते प्राजक्ताचे फूल. गडद हिरव्या रंगावर पांढऱ्याचे पाच ठिपके गोलात, मधल्या जागेत केशरी एक. खऱ्या प्राजक्ताला पाचपासून आठपर्यंत पाकळ्या असतात, पण आखूड नखावर पाचच बसतात. प्रत्येक पाकळीचा ठिपका ओला असतानाच टूथपिकच्या टोकाने मध्याकडे किंचित ओढला तर पाकळी निमुळती होते, आणि पांढरे वाळल्यावर मगच केशरी ठिपका द्यावा. पूर्ण फूल नखाच्या मधोमध काढू नये. ते कोपऱ्यात अर्धेच दाखवावे, म्हणजे उरलेली हिरवी जागा मोकळी राहते आणि नख आहे त्यापेक्षा लांब दिसते. पाचही बोटांवर फूल नको, अनामिकेवर फूल आणि बाकी नखांच्या मुळाशी एकेक पांढरा ठिपका पुरे. रंगांच्या बाबतीतही आवर घालावा, एका हातावर तीनपेक्षा जास्त रंग आले की लांबून काहीच ओळखू येत नाही.

त्या दिवशीच्या पत्रीची आठवण म्हणून अंगठ्यावर बेलाचे त्रिदल काढता येईल. फिकट रंगावर हिरव्याचे तीन ठिपके, एक वर आणि दोन बाजूंना, आणि तिन्ही ओले असताना टूथपिकने खाली एका बिंदूकडे ओढून आणायचे. याच युक्तीने शेजारी शेजारी दोन ठिपके देऊन खाली एकत्र ओढले की बदाम होतो, तो लहान मुलींना फार आवडतो. सात वर्षांच्या पुतणीसाठी लाल नखावर काळ्या ठिपक्यांचा किडा करावा, म्हणजे नखाच्या टोकाशी काळी अर्धगोल टोपी आणि पाठीवर चार-पाच काळे ठिपके. तो तिला स्वतःला काढता येईल.

वारली नक्षीची चित्रे सगळीकडे दिसतात आणि मुली तीही मागतील. वारली माणूस दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून होतो, आणि ती कला भिंतीच्या मोठ्या पटावर, गेरूवर तांदळाच्या पिठाने विस्तारणारी आहे. करंगळीच्या नखावर ती कोंबली की तिच्यातली लय हरवते. हवीच असेल तर गेरूच्या रंगावर फक्त अंगठ्यावर एकच आकृती काढावी, मग ती शोभते.

मेंदीचा_कोन

मेंदीबद्दल माझे मत स्पष्ट आहे, की मेंदी रविवारी संध्याकाळी काढावी. मेंदीचा रंग एक-दोन दिवसांत गडद होत जातो, म्हणजे मंगळवारी पूजेच्या वेळी तो ऐन भरात असेल. मेंदीतले रंगद्रव्य नखातल्या केराटिनशी घट्ट जोडले जाते आणि कातडीवरून मेंदी गेली तरी नखावरून जात नाही. हाताचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे मुळाशी लागलेला डाग पूर्ण बाहेर पडायला सहा महिने लागतात. ज्यांना तो केशरी रंग नको असेल त्यांनी मेंदीआधी नखांवर पारदर्शक बेस कोटचा एक हात द्यावा आणि सोमवारी तो काढून टाकावा. रंग चढावा म्हणून लावलेले तेल आणि लिंबू-साखर नखांवर राहून जाते, त्यामुळे सुईदोरा ताईंनी सांगितलेले रिमूव्हरने पुसणे मेंदीनंतर तर टाळूच नये. पुसताना कापूस नखापुरताच फिरवावा.

शुभ्रपट्टी

मी रुग्णालयात परिचारिका आहे. नक्षी सुंदर होईलच, पण खोलीची एक खिडकी उघडी ठेवा आणि देवघरातल्या समईपासून व गॅसपासून दूर बसा, कारण नेलपॉलिश आणि रिमूव्हर या दोन्हींच्या वाफा पेट घेणाऱ्या आहेत. सहा जणी, सहा-सात बाटल्या आणि श्रावणी सोमवारची तेवणारी समई एकाच खोलीत नको. लहान मुलीच्या बाबतीत ती नखे चावत किंवा अंगठा चोखत असेल तर तिला रंग लावू नये. नेलपॉलिशची अॅलर्जी बोटांवर न दिसता पापण्यांवर आणि मानेवर खाज, लाली अशी उमटते, कारण आपला हात दिवसभर तिथे लागत असतो. असे कुणाला पूर्वी झाले असेल तर तिने या वेळी फक्त मेंदीच काढावी.

घरात जेल पॉलिश आणि ते घट्ट करणारा छोटा यूव्ही दिवा आणायचा विचार कुणी सुचवला तर कृपया तो टाळा. जेल अर्धवट घट्ट झाले किंवा कातडीला लागले तर त्यातल्या अॅक्रिलेट प्रकारच्या रसायनांची अॅलर्जी जडू शकते आणि ती एकदा जडली की सहसा आयुष्यभर राहते. पुढे दातांत भरायच्या काही सिमेंटांचाही अशा व्यक्तीला त्रास होऊ शकतो. जेलमध्ये वापरल्या जाणाऱ्या टीपीओ या रसायनावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली आहे. एका दिवसाच्या हौसेसाठी साधी नेलपॉलिश पुरेशी आहे. आणि घरात कुणाची शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण जवळ आले असेल तर तिच्या बोटांना रंग नको. रक्तातला ऑक्सिजन मोजणारे यंत्र बोटातून प्रकाश सोडून वाचन घेते आणि गडद रंगामुळे ते वाचन चुकू शकते.

केतकीपान

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी पुन्हा सराव केला. पातळ दोन हात, मध्ये थांबणे, मग टाचणी. पहिल्या दोन बोटांवर ठिपके एकमेकांत मिसळले. नंतर लक्षात आले, की मी टाचणी तिरकी धरत होते. सरळ धरल्यावर प्राजक्ताच्या पाचही पाकळ्या सुट्या पडल्या. पुतणीचा किडा पहिल्याच खेपेला उत्तम जमला आणि ती झोपेपर्यंत हात पालथे धरून बसली होती. सकाळी चादरीची खूण एकाही नखावर नव्हती.

एकच अडचण उरली आहे. मी कणीक मळून पिवळ्या बटाट्याची भाजी केली, आणि दुपारपर्यंत पांढऱ्या पाकळ्या पिवळसर झाल्या. मंगळवारी तर हळदीचा हात सकाळपासूनच असेल. यावर काही उपाय आहे का?

सुईदोरा

हळदीतला रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो, त्यामुळे फोडणीचे तेल लागलेल्या हाताने तो टॉप कोटमध्येही मुरतो आणि साबणाने जात नाही. उन्हात मात्र तो फिका पडतो. उघडीप मिळाली तर अर्धा-पाऊण तास खिडकीशी हात उन्हात धरून पाहा, बराच फरक पडेल. पण श्रावणातल्या उन्हावर विसंबून राहू नका. स्वयंपाकाची जबाबदारी ज्या दोघींवर आहे त्यांनी शुभ्र पांढऱ्याऐवजी मोतिया रंग घ्यावा, म्हणजे थोडा पिवळेपणा आला तरी तो प्राजक्ताला शोभून जाईल. मुलींनी पांढराच ठेवावा. आणि तुमच्या पाकळ्यांवरचे टॉप कोटचे काम सोमवारी रात्री पुरे करू नका, एक पातळ हात राखून ठेवा आणि मंगळवारी स्वयंपाक उरकल्यावर, हात धुऊन नखे पूर्ण कोरडी झाल्यावर द्या. मावळलेली चकाकी त्याने परत येईल, आणि फुगड्या सुरू व्हायच्या आत तो सुकलेलाही असेल.