एकहाती बॅकहँडसाठी रॅकेट जडच हवी, हा आग्रह कशासाठी?

बेसलाइन

परवा आमच्या टेनिस खेळणाऱ्यांच्या गटावर एका ४४ वर्षांच्या गृहस्थांनी एकहाती बॅकहँडला (रॅकेट धरलेल्या हाताच्या विरुद्ध बाजूला आलेला चेंडू एकाच हाताने मारायला) कोणती रॅकेट घ्यावी असे विचारले, तेव्हा ‘जुनी फ्रेम’ यांनी दोन ओळींत निकाल देऊन टाकला. ३२० ग्रॅमच्या आतली रॅकेट हातात धरू नका, आणि पेलत नसेल तर दोन हातांनी मारायला शिका, असे त्यांनी लिहिले. हे उत्तर मला फार खटकले, कारण चार वर्षांपूर्वी असाच सल्ला शिरसावंद्य मानून मी माझ्या उजव्या कोपराचे नुकसान करून घेतले आहे.

२०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनच्या अंतिम सामन्यात फेडररने नदालचे उसळते चेंडू मागे न हटता, वर चढत असतानाच बॅकहँडने परतवले होते. तो सामना मी इतक्यांदा पाहिला की फेडररच्या नावाची ३४० ग्रॅमची रॅकेट घेतल्यावाचून मला चैन पडेना. पहिल्या सेटमध्ये ती खरोखर सुंदर चालत असे. खालून कापून मारलेला चेंडू, म्हणजे स्लाइस, जाळीवरून वीतभर उंचीने सरकत जाई आणि चेंडूचा धक्का हाताला जाणवतही नसे. मात्र तासाभरानंतर रॅकेटचे डोके मागे रेंगाळू लागे. जो चेंडू उजव्या पावलाच्या हातभर पुढे घ्यायचा तो मांडीच्या बाजूपर्यंत येई, आणि झालेला उशीर भरून काढण्यासाठी मी मनगट वाकवून तो कसाबसा पलीकडे ढकलत असे. सहा महिन्यांनी सकाळी दुधाची पिशवी उचलताना हात थरथरू लागला आणि पुढचे पाच महिने माझा खेळ बंद राहिला.

दोन हातांनी मारणाऱ्याला उशीर झाला तर त्याचा दुसरा हात सावरून घेतो. एका हाताने मारणाऱ्याला सावरणारे कोणी नसते. म्हणून रॅकेट दुकानात हाताला कशी लागते यावर ती निवडू नये. दीड तास खेळून दमल्यावरही ती वेळेवर पुढे येते का, हे पाहून निवडावी. आज मी ३०० ग्रॅमची, ९८ चौरस इंचांच्या डोक्याची, मुठीकडे तोल असलेली रॅकेट वापरतो आणि माझा बॅकहँड तिसऱ्या सेटमध्येही पुढेच लागतो.

जुनी फ्रेम

माझे नाव घेऊन लिहिले आहे म्हणून उत्तर देतो. ३२० हा आकडा मी वाऱ्यावर लिहिलेला नाही. चेंडू तारांच्या मध्यभागी न लागता कडेला लागला की हलकी रॅकेट मुठीत फिरते. दोन हात असतील तर ती फिरत नाही. एका हाताला मात्र फ्रेमच्या वजनाचाच आधार असतो. एका हातानेच बॅकहँड मारणारा अमेरिकेचा पीट सँप्रस ८५ चौरस इंचांच्या रॅकेटला शिशाच्या पट्ट्या लावून ती आणखी जड करत असे. त्याला हलकी रॅकेट मिळत नव्हती असे कोणी म्हणणार नाही.

आपण घेतलीत ३४० ची आणि दोष देता माझ्या ३२० ला, हे मला मान्य नाही. आपण स्वतःच लिहिले आहे की मनगट वाकवून चेंडू ढकलत होतो. मग दोष फटक्याचा आहे. खांदा पूर्ण वळवून, डावा हात रॅकेटच्या गळ्यावर शेवटपर्यंत ठेवून मारणाऱ्याला उशीर होत नाही. मी १९८४ साली लाकडी रॅकेटने खेळायला सुरुवात केली. ती आपल्या ३४० पेक्षाही जड होती, आणि आमच्या क्लबात कोपर दुखते म्हणून कोणी खेळ सोडल्याचे मला आठवत नाही.

डावखुरी

सँप्रसचे उदाहरण नेहमी दिले जाते, पण पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. फेडररने ९० चौरस इंचांची रॅकेट सोडून २०१४ मध्ये ९७ ची घेतली, आणि २०१७ चा जो सामना वर आला आहे तो त्याने मोठ्या डोक्याच्या रॅकेटने जिंकला. २०२४ मध्ये त्याच्या नावाने आलेल्या नव्या रॅकेटींमध्ये ३२० बरोबर ३०० ग्रॅमची आणि २८० ग्रॅमचीही आहे. फ्रान्सच्या गास्केचा एकहाती बॅकहँड कोणाला कमी वाटत असेल असे मला वाटत नाही, आणि तो तर १०० चौरस इंचांच्या हेड एक्स्ट्रीमने खेळत आला.

या विषयावर मला राग येण्याचे कारण वेगळे आहे. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना तिच्या प्रशिक्षकांनी तिला हेच सांगितले की एका हाताने मारायचे असेल तर मोठ्यांची रॅकेट आण, नाहीतर दोन हात लाव. ती तेव्हा २६ इंची, अडीचशे ग्रॅमच्या आतल्या रॅकेटने अतिशय स्वच्छ एकहाती बॅकहँड मारत होती. आम्ही घाबरून मोठी रॅकेट आणली, आणि दोन महिन्यांत तिने आपण होऊन दोन हात लावले. आजही सराव संपल्यावर, कोणी पाहत नसताना, ती भिंतीवर एका हाताने मारते. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या पहिल्या दहांत एकहाती बॅकहँडचा एकही खेळाडू उरला नाही, आणि १९७३ मध्ये क्रमवारी सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले. ‘पेलत नसेल तर सोडा’ असे मुलांना सांगत राहिलो तर याहून वेगळे काय होणार?

पन्नास पौंड

मी गेली बारा वर्षे स्वतःच्या आणि मित्रांच्या रॅकेटींचे गटिंग, म्हणजे तारा ओवण्याचे काम, घरी करतो. आपण सर्वजण फ्रेमच्या वजनावर वाद घालत आहात. तार कोणती होती आणि किती ताणाची होती, हे एकानेही विचारलेले नाही. बेसलाइन, त्या ३४० ग्रॅमच्या रॅकेटला कोणते गटिंग होते, हे आपण कृपया सांगावे.

बेसलाइन

पॉलिएस्टर होते, ५७ पौंडांवर. दुकानदाराने तेच चांगले असे सांगितले आणि मला त्यातले काही कळत नव्हते. खेळ बंद होईपर्यंत मी ते बदलले नव्हते.

जुनी फ्रेम

म्हणजे सहा महिने मेलेल्या पॉलीवर, ५७ पौंडांवर खेळून कोपर दुखले, आणि खापर जड फ्रेमवर फोडले! हे आधीच लिहिले असते तर हा धागा काढावाच लागला नसता.

पन्नास पौंड

आपलेही पूर्ण बरोबर नाही. १९९७ मध्ये ब्राझीलच्या कुएर्तेनने पॉलिएस्टरच्या तारांनी फ्रेंच ओपन जिंकली आणि पुढे सर्वांनी ती तार घेतली, पण व्यावसायिक खेळाडू ती पुन्हा पुन्हा बदलून घेतात. पॉलीचा ताण भराभर उतरतो आणि तार निर्जीव होते. ती तुटत नाही म्हणून आपल्याला वाटते की ती चांगली आहे. माझ्याकडे आलेल्या एका रॅकेटच्या उभ्या तारांवर जिथे आडव्या तारा घासतात तिथे करवतीने कापावे तशा खाचा पडल्या होत्या. बोटाने बाजूला सारलेली तार जागेवर परत येत नव्हती. ते गटिंग अकरा महिन्यांचे होते आणि मालक त्यावर रोज खेळत होते.

फेडररच्या रॅकेटची प्रतिकृती घेणारे शंभर जण मला भेटतात, पण त्याच्या उभ्या तारा नैसर्गिक गटच्या, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेल्या, होत्या आणि फक्त आडव्या पॉलीच्या, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. नैसर्गिक गट महाग आहे आणि आपल्या पावसाळ्यात टिकत नाही, हे मान्य. त्याऐवजी मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांची मऊ तार) ५० ते ५२ पौंडांवर लावावी आणि आठवड्यातून जितके दिवस खेळतो तितक्या वेळा वर्षात बदलावी. जुनी फ्रेम, आपल्या काळी कोपरे दुखली नसतील तर त्याचे कारणही इथेच असावे. लाकडी फ्रेम लवचीक होती, चेंडूला वेग कमी होता आणि तार मऊ होती. त्याचे श्रेय नुसत्या वजनाला देता येणार नाही.

सेकंड सर्व्ह

तारेचे सर्व पटले, तरी वजन निर्दोष ठरत नाही. २००४ मध्ये सचिनला टेनिस एल्बो या कोपराच्या दुखण्यामुळे सामने सोडावे लागले, तेव्हा आमच्या घरी महिनाभर त्याच्या जड बॅटचीच चर्चा चालली होती. त्या बॅटला तर तारा नव्हत्या.

मनगट

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः एकहाती बॅकहँड मारतो, म्हणून यात पडतो. बॅट दोन हातांनी धरतात आणि तिच्यावरचा हाताचा भार निराळा असतो, त्यामुळे ते उदाहरण इथे लावू नये. कोपराच्या बाहेरच्या बाजूला जिथे दुखते तिथे मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा हाडाला जोडलेला असतो. चेंडू लागताना मनगट आत वाकलेले असेल तर तो कंडरा आधीच ताणलेला असतो आणि त्यावरच धक्का बसतो. बेसलाइन यांनी वर्णन केलेला फटका नेमका असाच आहे.

इथे दोघांचेही अर्धे बरोबर आहे. जड फ्रेम चेंडूचा धक्का स्वतः सोसते, म्हणून २६०-२७० ग्रॅमची, डोक्याकडे तोल असलेली, कडक रॅकेट एकहाती बॅकहँडला सर्वांत वाईट असते. ती चेंडूला हरते आणि तो हिशेब कोपर चुकते करते. परंतु जड फ्रेम वेळेवर पुढे आली नाही तर मनगट वाकते, आणि मग तिने धक्का सोसून काही उपयोग होत नाही. म्हणून नुसत्या ग्रॅमवर न जाता तोल कुठे आहे आणि फिरवताना ती किती जड वाटते हे पाहावे लागते. मुठीत वजन असले तर एकूण जड रॅकेटही झटकन फिरते. तेच वजन डोक्यात असेल तर ३०० ग्रॅमही जड होतात.

जुनी फ्रेम

तोल मुठीकडे हवा हे मी नाकारलेले नाही. चाळीस वर्षे खेळलेल्या माणसाला काल गटिंग शिकलेल्यांनी धडे द्यावेत, हे मात्र मला आवडलेले नाही.

पन्नास पौंड

बारा वर्षांना काल म्हणत नाहीत. आपला अनुभव मी मानतो, म्हणूनच एक साधा प्रश्न विचारतो. आपले ३२० ग्रॅम तारांसह आहेत की तारांशिवाय? कारखाना रॅकेटवर जे वजन छापतो ते तारांशिवायचे असते. आपण ते गृहस्थ दुकानात पाठवले तर ते छापील आकडा पाहून रॅकेट घेतील.

बेसलाइन

तारेच्या बाबतीत माझी चूक होती, हे मी मान्य करतो. ५७ पौंडांची पॉली नसती तर कदाचित माझे कोपर वाचले असते. तरीही दमल्यावर चेंडू मांडीजवळ लागत होता तो तारेमुळे नव्हे. ३०० ग्रॅमच्या रॅकेटवर पहिल्या आठवड्यातच तो पुन्हा पुढे लागू लागला, आणि या मतावर मी ठाम आहे.

जुनी फ्रेम

काल रात्री स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी रॅकेट ठेवली. तारा, ओव्हरग्रिप (मुठीवर गुंडाळलेली पट्टी) आणि डॅम्पनर (तारांची थरथर कमी करणारा रबरी तुकडा) धरून ती ३२८ ग्रॅम भरली. तारांचे १६, ओव्हरग्रिपचे ५ आणि डॅम्पनरचे २ वजा केले तर कारखान्याच्या हिशेबाने ती ३०५ ची निघते. मग लाटण्यावर आडवी ठेवून तोल पाहिला. मुठीच्या टोकापासून ३२ सेंटीमीटरवर ती स्थिर राहते, म्हणजे मध्यापासून सव्वादोन सेंटीमीटर मुठीकडे. बेसलाइन यांच्या रॅकेटपेक्षा ती पाचच ग्रॅमने जड आहे, हे मला लिहावे लागत आहे आणि ते लिहिताना आनंद होत नाही.

त्या गृहस्थांना मी ३२० सांगितले ते तारांसहचे होते आणि तसे स्पष्ट करायला हवे होते. उद्या सकाळी त्यांना कळवतो की छापील वजन ३०० ते ३०५ पाहा, तोल मुठीकडे असू द्या, गटिंग मऊ घ्या, आणि विकत घेण्यापूर्वी कोणाची तरी मागून आणून दीड तास खेळून बघा. दोन हातांचे वाक्यही मागे घेतो. पण २८० ची घ्या असे मी त्यांना कदापि सांगणार नाही.