फंक्शनल: क्रियात्मक, कार्यात्मक की तिसरंच काही?

मुद्रितदोष
पीएचडीच्या प्रबंधांचे मराठी सारांश तपासतोय. एकाच पुस्तिकेत सेंद्रिय रसायन, प्राण्यांची उत्क्रांती आणि विशेष शिक्षण असे तिघे शेजारी आलेत. तिन्हीकडे 'फंक्शनल' आहे. रसायनवाल्यांनी 'क्रियात्मक गट' लिहिलंय, प्राणिशास्त्रात 'कार्यात्मक शरीररचना', विशेष शिक्षणात 'कार्यात्मक अभ्यासक्रम'. संपादकांचा हट्ट, पुस्तिकेत एकच शब्द हवा. कोणता ठेवू?

काडेपेटी
'क्रियात्मक गट'ला हात लावू नका. शाळेपासून तोच शिकवतात. इथेनॉलमधला ओएच घ्या नाहीतर व्हिनेगरमधला सीओओएच. कार्बनची साखळी लहान असो की लांब, रेणू कोणती अभिक्रिया देणार हे मुख्यतः हा अणूंचा गट ठरवतो. अभिक्रिया, म्हणून क्रियात्मक.

पाणकावळा
प्राण्यांत तो चालणार नाही. पेंग्विनचा पंख बघा, हाडांची मांडणी पक्ष्याच्या पंखाचीच, काम वल्ह्याचं. अभ्यास त्या कामाचा असतो. 'क्रियात्मक' म्हटलं की नुसती हालचाल वाटते. क्रिया म्हणजे घडतं ते, कार्य म्हणजे ज्यासाठी अवयव आहे ते.

ओसरी
'ज्यासाठी' म्हणालात तिथेच घोटाळा. निसर्गाला हेतू चिकटवलात. 'उत्क्रांती'तही तेच झालंय. उत् म्हणजे वर. गुहेतल्या माशांचे डोळे गेले, पट्टकृमीला आतडंच उरलं नाही, यात वर चढणं कुठलं? बंगालीत 'विवर्तन' म्हणतात. आपणही तेच घ्यावं.

पाणकावळा
विवर्त? वेदान्तात विवर्त म्हणजे दोरीवर साप दिसणं. दोरी तशीच राहते, बदलत काहीच नाही. आणि तो शब्द तुम्ही बदलासाठी घेणार! इंग्रजी 'इव्होल्यूशन'चा मूळ अर्थ तरी काय, गुंडाळी उलगडणं. डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'च्या १८५९ च्या पहिल्या आवृत्तीत तो नाम म्हणून नाहीच. ग्रंथाचा अगदी शेवटचा शब्द तेवढा त्याचं क्रियारूप आहे. तरी जगाचं काम चाललंच ना?

ओसरी
वेदान्त काढलातच, तर 'उत्क्रांती' म्हणजे तिथे जीवाने देह सोडून जाणं. ब्रह्मसूत्रांत पाहा.

खडूफळा
मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी विशेष शाळेत शिकवते. आमच्याकडे 'फंक्शनल' म्हणजे बसवरचा नंबर वाचता येणं, सुटे पैसे मोजणं, फॉर्मवर आपलं नाव योग्य रकान्यात लिहिणं. मुलगा सोळाचा झाला की त्याच्याकडून अपूर्णांक घोटून घ्यायचे की घड्याळ शिकवायचं, हा आमचा रोजचा वाद. पालकांना 'कार्यात्मक' म्हटलं तर विचारतात, "म्हणजे कार्यशाळेत घालणार का?" मी 'व्यवहारोपयोगी' म्हणते, पुढचं समजावावं लागत नाही. आणि 'क्रियात्मक गट' वाचून मला आधी हातकाम जमणाऱ्या मुलांचा गट वाटला होता!

काडेपेटी
व्यवहारोपयोगी ओएच गट. वा.

जुनाट
'कार्यात्मक साक्षरता' हा शब्द प्रौढ शिक्षणात कधीपासून रुळलाय. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाचा सगळा भर त्यावरच होता. पालकांना कळत नाही म्हणून शब्द टाकायचे तर उद्या काहीच उरणार नाही. आधीच 'मतिमंद' गेला, 'अपंग' गेला, २०१६ च्या कायद्यात 'दिव्यांग' आला.

खडूफळा
'मतिमंद' गेला ते बरं झालं. वर्गाबाहेर तो शिवी म्हणूनच ऐकू यायचा. 'दिव्यांग'ही मला आवडत नाही, पण ते वेगळं. त्यात दिव्य काय, असं मुलांच्या आयाच विचारतात.

मुद्रितदोष
मंडळी, पुस्तिका छपाईला जायची आहे. संपादकांना काय सांगू?

पाणकावळा
सांगा, तीन विषय, तीन शब्द. गणितवाले तर चौथा, 'फल' म्हणतात, त्यांचं काही अडत नाही.

जुनाट
अजिबात नको. परिभाषेत शिस्त हवी. आणि शिस्तीचाच विषय आहे तर पुस्तिकेतलं 'सेंद्रिय रसायन' आधी काढा. इंद्रियं असलेल्या सजीवांतच ही संयुगं बनतात, हा समज रसायनज्ञ व्होलरने १८२८ साली अमोनियम सायनेट या असेंद्रिय क्षारापासून मूत्रातला युरिया करून दाखवला तेव्हापासूनच डळमळला. 'कार्बनी' लिहा.

काडेपेटी
मग कार्बन डायऑक्साइड आणि खाण्याचा सोडा कार्बनी का नाहीत? कार्बन तर दोन्हींत आहे.

ओसरी
गंमत पुढेच आहे. तोच युरिया रसायनशास्त्रात सेंद्रिय, पण सेंद्रिय शेतीत कारखान्यातला युरिया टाकायला बंदी!

काडेपेटी
ती शेतीवाल्यांची चूक. शब्द आधी आमचा होता.

जुनाट
तुमचा कसा? सांख्य दर्शनातली अकरा इंद्रियं तुमच्या आधीची आहेत.